घरातले बहुमत आणि घराबाहेरचे मत

६ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री बिग बॉस मराठीच्या पाचव्या पर्वाचा निकाल लागला. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला, अभिजीत सावंत दुसरा आला. तेव्हापासून 'सहानुभूतीवर जिंकला' हे एकच वाक्य आम्ही ऐकत आलो आहोत. आईवडिलांविना वाढलेला, शाळा अर्धवट सुटलेला, टिकटॉकवरच्या व्हिडिओंमुळे माहीत झालेला मुलगा जिंकला की ती सहानुभूती. आणि चांगले मराठी बोलणारा, कॅमेऱ्याची सवय असलेला जिंकला की तो खेळ! ही भाषा आमच्या चांगल्या ओळखीची आहे. गुणवत्ता नेहमी दुसऱ्याकडे असते आणि आपल्या वाट्याला नेहमी मेहेरबानी येते, असे सांगणारी भाषा.

म्हणून सूरज कसा जिंकला हे भावना बाजूला ठेवून, मतांच्या हिशेबाने पाहायला हवे.

सोलापूरच्या नव्या पेठेत साडीच्या, रेडिमेडच्या, मोबाईलच्या दुकानांत काम करणाऱ्या मुलामुलींचा एक अभ्यासवर्ग आम्ही आठवड्यातून एकदा, दुकाने बंद झाल्यावर घेतो. त्या पर्वाच्या सत्तर दिवसांत वर्गात संविधानापेक्षा बिग बॉसच जास्त झाला, हे सांगायला हरकत नाही. सुरुवातीला आम्हाला त्याचा वैताग आला. पण ही मुले बोलत होती ती युती, बहुमत, नॉमिनेशन आणि मतविभाजन यांच्याबद्दल. राज्यशास्त्राच्या पुस्तकातून जे शिकवायला आम्हाला दोन महिने लागले असते, ते त्यांच्या तोंडावर होते.

खेळाची रचना अशी. घरात सोळा जण गेले. कुणाला घराबाहेर काढण्यासाठी नॉमिनेट करायचे हे साधारणपणे घरातले लोक ठरवतात. नॉमिनेट झालेल्यांपैकी कुणाला वाचवायचे हे बाहेरचे प्रेक्षक ठरवतात, तेव्हा जिओ सिनेमाच्या ॲपवरून. म्हणजे मतदारसंघ दोन आहेत. घरातला छोटा, घराबाहेरचा मोठा. पहिल्यात युती चालते, दुसऱ्यात ती चालेलच असे नाही.

अमेरिकेतल्या 'सर्व्हायव्हर'मध्ये असे नाही. तिथे बाहेर काढतात तेही खेळाडू आणि शेवटी विजेता निवडतात तेही बाहेर पडलेले खेळाडूच. २००० सालच्या पहिल्याच पर्वात रिचर्ड हॅच नावाच्या माणसाने चौघांची युती बांधली, बाकीच्यांना एकेक करून घालवले आणि ४ विरुद्ध ३ मतांनी जिंकला. अमेरिकेच्या 'बिग ब्रदर'नेही पहिल्या पर्वानंतर प्रेक्षकांचे मत काढून घेतले आणि ते घरातल्यांच्या हाती दिले. तसे नियम आपल्याकडे असते तर सूरज कुठवर टिकला असता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पाचव्या पर्वात घर लवकरच दोन गटांत विभागले. 'ए' गटात निक्की तांबोळी, अरबाज पटेल, वैभव चव्हाण, जान्हवी किल्लेकर. अंगाने मजबूत, आवाजाने मोठे, आणि निक्की-अरबाजसारखे काही जण हिंदी रिॲलिटी शोमधून तयार होऊन आलेले. 'बी' गटात अभिजीत सावंत, अंकिता वालावलकर, धनंजय पोवार, पॅडी कांबळे. सूरज असायचा 'बी'च्या बाजूला, पण डावपेचांच्या बैठकीत क्वचितच. टास्कमध्ये 'ए' गट वरचढ ठरायचा आणि घरात त्यांचे चालायचे.

बाबासाहेबांनी राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांत फरक केला आहे. राजकीय बहुमत विचाराने बनते आणि विचार बदलला की मोडते. जातीय बहुमत जन्मानेच ठरलेले असते, त्यात बाहेरच्याला दार नसते. बिग बॉसच्या घरातला गट जातीने बनतो असे आम्ही म्हणत नाही. पण तो विचाराने बनतो असेही कुणी म्हणू नये. कोण कुणासारखे बोलते, कोण कुणासारखे कपडे घालते, जिममध्ये कोण कुणाबरोबर असते, यावरून पहिल्या आठवड्यातच जे जुळते त्यालाच पुढे 'स्ट्रॅटेजी' म्हणतात. छोटा पुढारी म्हणून ओळखला जाणारा घनश्याम दरवडे 'ए' गटाकडे गेला. तिथे त्याला जागा मिळाली, पण बाहेरची मते काही तो गट त्याला देऊ शकला नाही. मोठ्या गटात लहान भिडूला बसायला जागा मिळते, ठरवायला मिळत नाही. कांशीरामजींनी १९८२ साली, पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, 'चमचा युग' लिहिले ते याच दुखण्यावर.

आता खेळातली खरी गंमत. ज्याला घर वारंवार नॉमिनेट करते, त्याला बाहेर मतदार तयार होतो. लोकांना त्याच्यासाठी ॲप उघडायची सवय लागते. ज्याला गट सांभाळून ठेवतो त्याच्यासाठी कुणी कधी मतच दिलेले नसते, आणि एकदा तो नॉमिनेट झाला की पाठीशी कोणीच नाही. वैभव गेला, अरबाज गेला. घरात त्यांचे बहुमत होते आणि घराबाहेर ते अल्पमतात होते. नव्या पेठेतल्या एका मुलीने हे आमच्यापेक्षा नेमके सांगितले, "दादा, त्यो आपल्यावानी बोलतोय की. आपणच न्हाई दिलं तर कोण देणार?"

हिंदी बिग बॉसच्या सोळाव्या पर्वातली 'मंडळी' हे दुसरे टोक. अमरावतीचा शिव ठाकरे, पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन, ताजिकिस्तानचा अब्दू रोजिक, सुंबुल, निमृत, साजिद खान. प्रत्येकाचा घराबाहेरचा चाहतावर्ग वेगळा होता, म्हणून त्यांची युती एकमेकांच्या मतांवर उठली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेवटचे दोघे उरले ते मंडळीतलेच. तिथे मात्र प्रत्येकाला आपापल्या मतांवरच लढावे लागले आणि स्टॅन जिंकला. शिवने स्टॅनची मते खाल्ली किंवा स्टॅनने शिवची, असे कुणी म्हणाले नाही. २०१९ ला सोलापूर लोकसभेत बाळासाहेब आंबेडकरांना १ लाख ७० हजारांच्या आसपास मते पडली तेव्हा मात्र 'मते खाल्ली' हा शब्द अख्ख्या शहराला लगेच सुचला.

दोन मतदारसंघांचा हा प्रश्न आपल्याला टीव्हीने शिकवलेला नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात हीच दोन पायऱ्यांची रचना होती, फक्त उलटी. आधी अस्पृश्य मतदारांनी चार जणांचे पॅनेल निवडायचे, मग त्यातला एक सर्वांनी मिळून निवडायचा. शेवटचा शब्द बाहेरच्या बहुसंख्येचा. १९४६ च्या निवडणुकीत पहिल्या फेरीत फेडरेशनच्या उमेदवारांना आपल्या लोकांनी पुढे काढले आणि अंतिम फेरीत काँग्रेसचे निवडून आले, हे बाबासाहेबांनी आकड्यांनिशी मांडले. सूरजच्या बाबतीत घरच्यांनी ढकललेल्या माणसाला त्याच्यासारख्यांनी उचलले. करारात आपल्यांनी उचललेल्या माणसाला इतरांनी ढकलले. शेवटची फेरी कुणाच्या हातात आहे, यावर सगळे ठरते.

आणि साथीदार कोण यावरही. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत उत्तर मुंबई द्विसदस्य मतदारसंघ होता. मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. बाबासाहेब समाजवाद्यांच्या अशोक मेहतांबरोबर लढले. ७४,३३३ मते बाद ठरली आणि बाबासाहेब काजरोळकरांकडून हरले. त्याच निवडणुकीत, त्याच द्विसदस्य पद्धतीत सोलापुरातून शेकापचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज असे दोघेही निवडून आले. त्या लोकसभेत फेडरेशनचे खासदार दोनच होते, त्यातला एक आपल्या सोलापूरचा! हे नव्या पेठेतल्या मुलांना माहीत नव्हते. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेच नाही.

सूरजच्या विजयाने आम्हाला आनंद झाला. पण त्याला 'जनतेचा कौल' म्हणायला आम्ही तयार नाही. कुणाला किती मते पडली याचे आकडे वाहिनी लोकांपुढे ठेवत नाही. दिवसभरातले कोणते प्रसंग दाखवायचे तेही तीच ठरवते. ज्याच्याकडे दोन सिम त्याची दोन खाती. निवडणुकीत प्रत्येक केंद्रावर किती मतदान झाले याचा नमुना १७ सी उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळतो, तो हातात घेऊन भांडता तरी येते. एक माणूस, एक मत, एक मूल्य यासाठी आपले लोक झगडले. एका माणसाची तीन मते, तीही आपल्याच आवडत्या माणसाला पडली म्हणून, आपण गोड मानून घ्यायची का?

पर्व संपल्यावर दीड महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले. अभ्यासवर्गातल्या ज्या मुलांनी सूरजसाठी रोज न चुकता मत दिले, घरच्यांच्या मोबाईलवरूनही दिले, त्यांच्यातल्या अनेकांचे बोट त्या दिवशी कोरे होते. कारण विचारले तर आळस हे कारण फार थोड्यांचे. काहींची नावे अजून गावाकडच्या यादीत, मोहोळला, अक्कलकोटला. काहींना मतदानाची पगारी सुट्टी हा लोकप्रतिनिधित्व कायद्यातला हक्क आहे हेच ठाऊक नव्हते, आणि मालकाने आपणहून सांगितले नव्हते. काही भाड्याच्या खोलीत राहतात आणि घरमालक भाडेकरार करून देत नाही.

सध्या वर्गात नमुना ८ भरणे चालू आहे, पत्ता बदलण्यासाठीचा अर्ज. ज्याच्याकडे पत्त्याचा कागद नाही त्याच्या खोलीवर केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने प्रत्यक्ष येऊन खात्री करावी, अशी मागणी आम्ही प्रत्येक अर्जासोबत लेखी जोडतो आणि पोच घेतो. मोबाईलच्या दुकानातली मुले ऑनलाईन अर्ज भरण्यात आमच्यापेक्षा कितीतरी पटाईत आहेत.