आधी रस्ता, मग गुंठा

प्रति,
मा. महानगर आयुक्त,
पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, पुणे

विषय : शहरालगतच्या गावांतील भूखंडांचे आकारमान आणि वस्तीची घनता

महोदय,

पुण्याभोवतीच्या गावांत जमीन गुंठ्याने विकली जाते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतजमिनीचे प्रमाणापेक्षा लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा आला. त्याचा हेतू शेती कसण्याजोगी राहावी हा होता. वस्ती कशी वसावी, याचा विचार त्यात नव्हता. शहर गावांपर्यंत येऊन पोहोचले तरी घराच्या भूखंडाचे किमान आकारमान मात्र याच कायद्यावरून ठरत राहिले.

कायद्याने गुंठ्याची विक्री थांबली नाही, तिने आडवाट धरली. दहा-अकरा जणांनी मिळून एकच खरेदीखत करायचे, सातबाऱ्यावर सगळ्यांची सामायिक नावे चढवायची आणि जागेवर चुन्याच्या रेषा मारून वाटणी करायची, ही पद्धत सर्रास रूढ झाली. काही व्यवहार साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावरच थांबले. अशा जागेला बिनशेती परवाना मिळत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही आणि बँकेचे गृहकर्जही सहसा मिळत नाही. घरे मात्र उभी राहतात. २००१ चा गुंठेवारी कायदा अशी बांधकामे नियमित करण्यासाठी आला आणि २०२१ मध्ये तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू करण्यात आला. २०२५ मध्ये शहरालगतच्या भागांत तुकडेबंदी शिथिल करण्याचा निर्णयही राज्य सरकारने घेतला. कागद दुरुस्त होण्याची सोय झाली. दहा फुटांची गल्ली दहा फुटांचीच राहिली.

लहान भूखंडांमुळे दाटी होते आणि मोठ्या भूखंडावरील नियोजित संकुलात ती टळते, असा समज आहे. हिशेब तसे सांगत नाही. एका एकरातील तिसरा हिस्सा रस्ते आणि मोकळ्या जागेला सोडला, तर एक गुंठ्याचे सव्वीस भूखंड उरतात. प्रत्येकावर तीन मजले आणि मजल्यागणिक एक कुटुंब धरले, तर अठ्ठ्याहत्तर कुटुंबे होतात. त्याच एकरावर १.१ या मूळ चटई क्षेत्र निर्देशांकाने, म्हणजे जागेच्या १.१ पट बांधकामाची, इमारत बांधली आणि सदनिकेमागे ५५ चौरस मीटर बांधकाम धरले, तर सुमारे ऐंशी कुटुंबे राहतात. घनता जवळपास तेवढीच. अधिमूल्य भरून आणि हस्तांतरणीय विकास हक्क वापरून निर्देशांक वाढवला, तर संकुलच अधिक दाट ठरते.

फरक पडतो तो सार्वजनिक जागेत. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेत दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. अकरा किंवा वीस गुंठ्यांचे तुकडे पाडून विकणाऱ्यावर हे बंधन येतच नाही. असे चार-पाच तुकडे शेजारी शेजारी विकले गेले की एकरभर वस्ती उठते आणि मुलांना खेळायला एक गुंठाही उरत नाही. प्रत्येक तुकड्याची वाट वेगळी असल्याने गल्ल्या एकमेकींना मिळत नाहीत, अग्निशमनाचा बंब आत शिरत नाही. जादा निर्देशांक रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, हे नियमावलीचे तत्त्व योग्य आहे. पण ते परवानगी मागणाऱ्यालाच लागू पडते.

पाण्याचा हिशेबही घनतेशी बांधलेला आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर या प्रचलित मानकाने ऐंशी कुटुंबांच्या, म्हणजे सुमारे ३२० माणसांच्या एकराला रोज ४३ हजार लिटर पाणी लागते. नळ नसेल तर दहा हजार लिटरचे चारहून अधिक टँकर, तेही दररोज. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत गेली, तेव्हा त्यांतील अनेक वस्त्या आधीच भरलेल्या होत्या. जलवाहिन्या त्यानंतर टाकायच्या राहिल्या.

यावरचा उपाय महाराष्ट्राला नवा नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने मालकांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते आणि मैदाने आखून, उरलेले आखीव भूखंड त्यांना परत देण्याची पद्धत, म्हणजेच नगररचना योजना, घालून दिली. मुंबईची उपनगरे अशा योजनांतून आखली गेली. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात ही तरतूद कायम आहे. अहमदाबादने तिच्याच बळावर विस्तार केला. म्हाळुंगे-माण येथे प्राधिकरणानेही ती हाती घेतली. लहान शेतकऱ्याची जमीन त्यात पूर्ण जात नाही, आणि उरते तिला रस्ता मिळतो.

प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास आराखडा पुढे रद्द झाला. नव्या नियोजनात तीन गोष्टी अपेक्षित आहेत. वाढीच्या टापूतील गावांसाठी नगररचना योजना आधी जाहीर व्हाव्यात आणि रस्त्यांची जागा ताब्यात आल्यावरच जादा निर्देशांक मिळावा. जुने गुंठे एकेक करून नियमित न करता सलग पट्ट्याचा एकत्रित रेखांकन नकाशा करून व्हावेत, म्हणजे गल्ल्या जोडता येतील आणि मोकळ्या जागेचा वाटा सर्वांवर सारखा पडेल. आखीव रस्त्यावरच्या एक-दोन गुंठ्यांच्या भूखंडांना रीतसर मान्यता मिळावी. ती मिळाली की कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला सामायिक खरेदीखताची आडवाट धरावी लागणार नाही.

कळावे.