‘सूथसेयर’ म्हणजे खरे बोलणारा

परवा नाशिकरोडच्या आमच्या वस्तीतली एक मुलगी ‘ज्युलियस सीझर’ नाटकाची गोष्ट घेऊन आली. “काका, सूथसेयर म्हणजे काय हो?” आम्ही सांगितले, “भविष्य सांगणारा. आपल्याकडचा जोशी.”

रात्री शब्दकोश उघडला, तर ‘सूथ’ म्हणजे सत्य आणि ‘सेयर’ म्हणजे सांगणारा! मध्ययुगीन इंग्रजीत ‘खरे बोलणारा’ असाच त्याचा अर्थ होता, पुढे तो ‘भविष्य सांगणारा’ झाला. ‘सूथ’ आणि आपला ‘सत्य’ हे शब्दही एकाच मुळाचे, दूरचे भाऊबंद.

आपल्या ‘शकुन’ शब्दाचा मूळ अर्थ पक्षी. पक्ष्याच्या उडण्या-ओरडण्यावरून शुभ-अशुभ ठरवीत. पहाटे दारी येणाऱ्या पिंगळ्याचे नावही त्या लहानशा घुबडाचेच. तो बिचारा पोटासाठी फिरतो, त्याला काय बोल लावायचा? प्रश्न आपला आहे. त्या मुलीच्या थोरल्या बहिणीचे चांगले स्थळ गेल्या महिन्यात परत गेले. कारण काय, तर पत्रिकेत मंगळ! आणि दोन्ही घरे आपलीच, बौद्ध.

नक्षत्र जातकात हीच कथा आहे. लग्नाचा दिवस ठरल्यावर वराकडच्यांनी मुहूर्त विचारला. आधी विचारले नाही म्हणून चिडलेल्या साधूने दिवस अशुभ सांगितला. वऱ्हाड गेले नाही, आणि वधूकडच्यांनी मुलगी दुसरीकडे दिली.

सन 2008 मध्ये डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. काही पत्रिका हुशार मुलांच्या, काही बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. कोणती कोणाची, ते ओळखायचे. 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून उत्तरे दिली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती!

मुलाची नोकरी कायम आहे का, व्यसन आहे का, डोक्यावर कर्ज किती, मुलीला पुढे शिकू देतील का, ही चौकशी करून येणारा मामा किंवा आत्या आपल्याकडे प्रत्येक घरात असते. आमच्या मते मूळ अर्थाने सूथसेयर तेच. पोरीचे स्थळ आले की आधी त्यांना पाठवा. पत्रिका पेटीतच राहू द्या.