एका कान्याचा फरक

मी शाळेत उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते. 'पडणे' आणि 'पाडणे' यांतला फरक मुलांना समजावताना फळ्यावर एक काना काढला की काम भागते. उर्दूतही तसेच आहे. 'गिरना' आणि 'गिराना' यांच्यामध्ये एक अलिफ उभा असतो. पण आपल्या घरात एखाद्या बाईचा गर्भ पडतो, तेव्हा हा काना आणि हा अलिफ कुठून तरी येऊन तिच्या नावाला चिकटतो. पहिल्या वेळी लोक म्हणतात, "हमल गिर गया, अल्लाह की मर्जी." दुसऱ्या वेळी विचारतात, "काय उचललंस? काय खाल्लंस? स्कूटीवर कशाला बसलीस?" तिसऱ्या वेळी कुणी विचारतही नाही. तिनेच काहीतरी केले असणार, हे परस्पर ठरून गेलेले असते.

दवाखान्याचा कागद त्यात भर घालतो. डॉक्टरी भाषेत आपोआप झालेल्या गर्भपातालाही 'अबॉर्शन'च लिहितात. वारंवार गर्भ पडण्याला तर पूर्वी 'हॅबिच्युअल अबॉर्शन' म्हणत, म्हणजे सवयीचा गर्भपात. जणू बाईला ती सवयच लागली आहे!

म्हणून आधी हे स्पष्ट होऊ द्या की सुरुवातीच्या महिन्यांतले निम्म्याहून अधिक गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. बीज आणि शुक्राणू एकत्र येताना किंवा पेशींचे विभाजन होतानाच चूक होते आणि तो गर्भ पुढे वाढू शकत नाही. पायऱ्या चढल्याने, पपईची फोड खाल्ल्याने, ग्रहणात सुरी हातात घेतल्याने हे होत नाही. अंथरुणावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो, असाही पुरावा नाही. २०२१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने जगभरचा अंदाज दिला: दरवर्षी सुमारे २ कोटी ३० लाख गर्भपात, म्हणजे माहीत झालेल्या गरोदरपणांपैकी साधारण १५ टक्के. दोनदा हे दुःख भोगणाऱ्या स्त्रिया १०० मध्ये सुमारे दोन, आणि तीन किंवा अधिक वेळा भोगणाऱ्या १०० मध्ये एकीपेक्षाही कमी. संख्या थोडी वाटेल, पण आपल्या मोहल्ल्याच्या हिशोबाने पाहा. प्रत्येक दोन-चार गल्ल्यांत अशी एक बाई असणारच, आणि ती बोलत नसणार.

तपासणी कधी करायची? ब्रिटनमधील तज्ज्ञ संस्था तीन गर्भपातांनंतरच्या स्थितीला 'वारंवार' म्हणते. अमेरिका आणि युरोपातील संस्था दोननंतरच तसे म्हणतात. माझे मत विचाराल तर दोन पुरेत. तिसऱ्याची वाट पाहायला सांगणाऱ्याला तो तिसरा सोसायचा नसतो. बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर उशीर करण्याचे काहीच कारण नाही.

पण माझा खरा आग्रह वेगळाच आहे. आपल्याकडे फाईल एकट्या सुनेची असते. सासू सोबत जाते, नणंद जाते, नवरा फार तर गेटपर्यंत सोडतो. रक्त तिचे, सोनोग्राफी तिची, औषधे तिची. काही जोडप्यांत गुणसूत्रांचा एक तुकडा दुसरीकडे जोडला गेलेला असतो. अशी व्यक्ती स्वतः पूर्ण निरोगी असते, तिला कधी काही जाणवत नाही, पण गर्भ पुन्हा पुन्हा पडू शकतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या १०० जोडप्यांपैकी दोन ते पाच जोडप्यांत हे आढळते, आणि ते पत्नीत असू शकते तसेच पतीतही. पतीचे वय आणि धूम्रपान यांचाही संबंध दिसून आलेला आहे. मग "दुसरं लग्न लावून देऊ" असे म्हणणाऱ्या घराने आधी मुलाचे रक्त तपासले आहे का? ज्या मुलाच्या रक्तात कारण असेल, त्याची दुसरी बायकोही त्याच दुःखातून जाऊ शकते. हे लक्षात न घेता केलेले लग्न म्हणजे दोन मुलींचे नुकसान.

तपासण्या कोणत्या, हेही माहीत असावे, कारण भीतीच्या मारे माणूस सांगेल ते करत सुटतो. सर्वांत महत्त्वाची तपासणी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची. या आजारात रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. एकदा पॉझिटिव्ह आले म्हणून निदान होत नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. निदान पक्के झाले तर पुढच्या गरोदरपणात कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शने देतात, आणि त्यांचा उपयोग होतो. त्याशिवाय थायरॉइड, साखर आणि गर्भाशयाची सोनोग्राफी. गर्भाशयात जन्मजात पडदा आहे का, हे तिच्यात दिसते. यांपैकी बहुतेक गोष्टी सिव्हिलमध्येही होतात. गुणसूत्रांची तपासणी महाग असते. ती कोणी, कधी करायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. नात्यात लग्न झाले असेल तर तेही सांगावे. लपवून काही मिळत नाही.

याउलट 'टॉर्च' नावाची तपासणी आपल्या गावागावांत सर्रास लिहून दिली जाते. वारंवार गर्भपाताचे कारण शोधायला तिचा उपयोग नाही, असे ब्रिटनची तज्ज्ञ संस्था पूर्वीपासून सांगते आहे. नवऱ्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपायही काही ठिकाणी सुचवतात. त्याचीही शिफारस या संस्था करत नाहीत. म्हणून चिठ्ठी हातात पडली की तीन प्रश्न विचारा. ही तपासणी काय शोधते? ते सापडले तर त्यावर उपाय आहे का? ही केली नाही तर उपचारात काही बदल होईल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

एक प्रश्न खास आपल्या घरांत येतो आणि मोठ्याने विचारला जात नाही. पडलेल्या गर्भाची तपासणी करायची म्हटले की आजी म्हणते, "मय्यत की बेहुरमती होगी." तपासणीला फार थोडा अंश लागतो. बाकीचे पाक कापडात गुंडाळून दफन करता येते. दिवस किती झाले होते, अवयव बनले होते का, यानुसार कफन आणि नमाजेबाबत हनफी व शाफई मतांत फरक आहे. आपल्या कोकणी बिरादरीत शाफई पुष्कळ, देशावर हनफी. तेव्हा तो मसला आपल्या इमामसाहेबांना विचारावा. पण हे सगळे ऑपरेशन थिएटरच्या दारात ठरवता येत नाही. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे लागते. गर्भात गुणसूत्रांचा दोष सापडला तर त्या आईला निदान हे तरी लेखी मिळते की तिच्या उठण्या-बसण्याने काही झाले नव्हते.

आता कटू भाग. सगळे करूनही सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही. रिपोर्ट नॉर्मल आले की घरातले निराश होतात, "इतका पैसा घालून काय मिळालं?" मिळाले ते हे की उपाय करायलाच हवा असा कोणताही आजार सापडलेला नाही. अशा स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिकींना पुढे मूल होते. वय कमी असेल तर शक्यता आणखी चांगली. आणि एखाद्या जोडप्याने आता तपासणी नको, प्रयत्नही नको, असे ठरवले तर तोही त्यांचाच हक्क आहे. तो निर्णय दोघांनी घ्यायचा, जमातीने नाही.

तपासणी म्हणजे तकदीरवर अविश्वास, असे म्हणणारे भेटतात. इलाज करा, अल्लाहने आजाराबरोबर त्याची दवाही ठेवली आहे, या अर्थाची हदीस आपण डायबेटिसला लावतो, मोतीबिंदूला लावतो. सुनेच्या वेळी ती कुठे जाते? जकरिया अलैहिस्सलाम यांनी म्हातारपणी मूल मागितले, ती मागणी कुरआनात आहे. मूल हवेसे वाटणे ही बेसब्री नाही. रडणे तर नाहीच. आपल्या पैगंबरांचे डोळे लहानग्या इब्राहिमच्या निधनाने भरून आले होते. दुआ करावी, मन शांत होत असेल तर जरूर करावी. ताविजाचे पैसे देताना मात्र रक्ततपासणीचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

नोकरी करणाऱ्या बहिणींसाठी एक गोष्ट. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर, दाखला दिल्यावर, सहा आठवड्यांची पगारी रजा ठेवली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. तरीही आमच्या स्टाफरूममध्ये मी तिसऱ्या दिवशी कामावर आलेल्या बाया पाहिल्या आहेत. "पोटात दुखत होतं" एवढेच सांगून त्या तास घ्यायला वर्गात जातात. कारण सांगितले की उद्या कुणाच्या सातवाशाला बोलावणे येणार नाही, ही धास्ती. अपशकुनी ठरवण्याची ही रीत आपल्या दीनमध्ये नाही. ती आपण इकडून-तिकडून उचलली आणि जपून ठेवली.

घरात असे झाले असेल तर सासूबाईंनी "काय खाल्लंस" हा प्रश्न सोडून "काय खाशील" असे विचारावे. नवऱ्याने त्या दिवशी दुकान बंद ठेवावे, तिच्याजवळ बसावे. त्याचेही मूल गेलेले असते, त्यालाही रडू द्यावे. आणि दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे जायची वेळ आली की त्याने गेटवर न थांबता आत जावे, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसावे आणि स्वतःच सांगावे, "डॉक्टर, माझंही रक्त घ्या."