तुकडे पाच झाले, हिशेब कुठे आहे?

बंगळुरूची पालिका अवाढव्य होती म्हणून कर्जबाजारी झाली, आता तिच्या पाच महापालिका झाल्या म्हणजे प्रत्येक जण आपापल्या पायावर उभा राहील, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. 2 सप्टेंबर 2025 रोजी या पाच महापालिका अस्तित्वात आल्या. मला हा युक्तिवाद मुळातच चुकीचा वाटतो.

विभाजनाचे समर्थक बी. एस. पाटील समितीचा दाखला देतात. 2014 मध्ये नेमलेल्या या समितीत माजी मुख्य सचिव पाटील यांच्यासोबत सिद्धय्या आणि व्ही. रविचंदर होते. समितीने एकाहून अधिक महापालिका सुचवल्या, हे खरे. पण तिचा आराखडा तीन थरांचा होता. सर्वांत खाली सक्षम वॉर्ड समित्या होत्या, आणि महापौराला पूर्ण पाच वर्षे मिळणार होती. पाच महापालिका करणाऱ्या नव्या कायद्याने महापौराला तीसच महिने दिले. समितीच्या हातची कात्री तेवढी उचलायची आणि सुईदोरा ठेवून द्यायचा, याला शिफारस मानणे म्हणत नाहीत.

आता आकाराचे पाहू. दशकभरापूर्वी पालिकेने कर्जासाठी आपल्याच इमारती गहाण टाकल्या. रिचमंड टाउनचे जॉन्सन मार्केट, मल्लेश्वरमचा बाजार, सगळे त्यात. सकाळी ज्या गाळ्यात खाटीक सुरीला धार लावतो, तो गाळा सावकाराच्या कागदावर चढलेला! हे शहर मोठे होते म्हणून घडले का? मुळीच नाही. अंदाजपत्रकात उत्पन्न फुगवून दाखवायचे, त्या फुगवट्यावर कामांना ‘जॉब कोड’ म्हणजे मंजुरीचे क्रमांक द्यायचे, कामे झाली की ठेकेदारांच्या बिलांची रांग लावायची आणि रांग आवरेनाशी झाली की कर्ज काढायचे. हा रोग लहान पालिकेलाही तितकाच जडतो. उलट महादेवपुऱ्याच्या काचेच्या कचेऱ्यांची घरपट्टी आता पूर्व महापालिकेत राहील आणि चिक्कपेटेतल्या जुन्या गल्ल्यांची गटारे मध्य महापालिकेच्या गळ्यात पडतील. स्वावलंबन असे वाटून येत नाही.

दुसरा आरोप नागरिकांवर: लोक करच भरत नाहीत. 2021-22 मध्ये घरपट्टीतून सुमारे 3,000 कोटी आले होते, 2024-25 मध्ये ते सुमारे 4,900 कोटींवर गेले. तीन वर्षांत एवढी वाढ देणाऱ्या शहराला करबुडवे म्हणणे अन्यायाचे आहे. घरपट्टीची पावती एकदा नीट वाचा. मूळ कराखाली आरोग्य, ग्रंथालय आणि भिक्षेकरी निवारण असे उपकर लागलेले असतात. त्यातला ग्रंथालयाचा 6 टक्के उपकर वाचनालयांसाठीच आहे. लोकांनी तो भरला, पण पालिकेने ग्रंथालय खात्याचे शेकडो कोटी थकवले. मोडक्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या म्हाताऱ्याला आपला पैसा कुठे अडकला आहे हे कोण सांगणार?

तिसरा आक्षेप मात्र मी निम्मा मान्य करतो: हिशेब तपासणाऱ्या समित्या म्हणजे वेळकाढूपणा. राज्यघटनेच्या 243-वाय कलमानुसार राज्य वित्त आयोगाने दर पाच वर्षांनी पालिकांच्या तिजोरीचा आढावा घ्यायचा असतो. अहवाल सभागृहापुढे जातो आणि रस्त्यावरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण म्हणून स्वतंत्र तपासणीच नको, असे ठरत नाही. याच शहराने ती करून दाखवली आहे. 1999 च्या ‘बंगळुरू अजेंडा टास्क फोर्स’च्या काळात पालिकेची जमाखर्चाची पद्धत बदलली, आणि घरपट्टीची स्वयंमूल्यांकन योजना 2000 मध्ये आली. 2002 मध्ये जनाग्रह, पब्लिक अफेअर्स सेंटर, अक्षरा आणि व्हॉइसेस या संस्थांनी ‘प्रूफ’ मोहीम सुरू केली. दर तिमाहीला पालिकेने जमाखर्च मांडायचा आणि नागरिकांनी तो समोरासमोर तपासायचा. त्यावेळी निवडून आलेले नगरसेवक होते, प्रश्न विचारायला सभागृह होते. नोव्हेंबर 2006 मध्ये मुदत संपली, निवडणूक थेट 2010 मध्ये झाली. सप्टेंबर 2020 मध्ये सभागृह पुन्हा रिकामे झाले आणि पालिकेचे पाच तुकडे होईपर्यंत एकही निवडणूक झाली नाही. ज्याला मते मागायला जायचे नसते, त्याला हिशेबाची घाई नसते.

मला हवे आहे ते एवढेच: प्रत्येक महापालिकेला सरकारने न नेमलेले, लेखापाल आणि नागरिकांचे स्वतंत्र तपासणी मंडळ असावे आणि त्याने दर तिमाहीला वॉर्ड समितीपुढे बसावे. सामान्यांना पालिकेचे आकडे कळत नाहीत, हे मला कुणी ऐकवू नये. सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या दुरुस्तीवर तासभर जाब विचारणाऱ्या बायका आणि निवृत्त कारकून मी पाहिले आहेत. त्यांना ताळेबंद चांगला कळतो.

या मंडळांनी पहिल्याच बैठकीत एक कागद मागावा: जुन्या पालिकेची कर्जे, ठेकेदारांची थकीत बिले आणि ग्रंथालयाची बाकी पाच जणांत कशी वाटली गेली? तो कागद कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरांत, पाचही कार्यालयांच्या दारावर लागला पाहिजे.