शेताखालून जाणाऱ्या विहिरीचा हिशेब

उज्जैन जिल्ह्यातल्या खेडा इथे ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीचं कॉम्प्रेसर स्टेशन आहे. हजिराहून विजयपूर आणि पुढे जगदीशपूरकडे जाणारी गॅसवाहिनी 1980च्या दशकात माळव्याच्या काळ्या मातीखालून गेली. ती जमिनीच्या पोटात जेमतेम मीटर-दीड मीटर खोल असते. तरीही 1962च्या पाइपलाइन कायद्याप्रमाणे अशी नळी टाकण्याआधी राजपत्रात अधिसूचना निघावी लागते आणि खातेदाराला हरकत घ्यायला 21 दिवस मिळतात. पिकाचं नुकसान भरून द्यावं लागतं, शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम मोजावी लागते. ही भरपाई तुटपुंजी आहे हे खरं. पण शेताखालून वाट काढणाऱ्याने वर राबणाऱ्याला काहीतरी देणं लागतं, एवढं तरी हा कायदा मान्य करतो.

आता मध्य प्रदेशाच्याच दुसऱ्या टोकाला, शहडोलकडे पाहा. सोहागपूरच्या कोळसाथरांतून रिलायन्स मिथेन वायू काढते. तिथे 2017 साली व्यापारी उत्पादन सुरू झालं. पूर्वी विहिरी सरळ खाली जात. अलीकडे बहुशाखी आडव्या विहिरी घेतल्या जातात. बोअर शेकडो मीटर खाली उतरतो, कोळशाच्या थरात वळतो आणि थराबरोबर लांबवर आडवा धावतो. वर दिसतो तो एकच चौथरा. चौथरा ज्याच्या जमिनीवर त्याला मोबदला मिळतो. बोअर ज्यांच्या शेतांखालून गेला त्यांच्या हाती काहीच पडत नाही. मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेचं 247वं कलम भरपाई देतं ती जमिनीचा पृष्ठभाग व्यापला किंवा बिघडवला तर. आडवी विहीर पृष्ठभागाला हातच लावत नाही. 1959च्या त्या कायद्यासमोर हे तंत्र नव्हतंच. आज ते आहे, म्हणून नियम बदलला पाहिजे. याला जे आक्षेप घेतले जातात, ते एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप असा, की खनिज सरकारचं. शेतकऱ्याचा संबंध काय? मध्य प्रदेशात खनिज राज्याचं आहे, हे मला मान्य आहे. शिंदेशाहीत उज्जैनच्या परिसरात ज्या जहागिरी होत्या, त्या मध्य भारताच्या 1951च्या कायद्याने संपल्या. ते योग्यच झालं. भूगर्भ पुन्हा खासगी हातांत जावा असं मी म्हणत नाही. मात्र राज्याची ही मालकी आकाशातून पडलेली नाही. जमिनीखालच्या खनिजावर हक्क साधारणपणे जमीनमालकाचा, कायद्याने तो काढून घेतला असेल तरच तो जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या थ्रेसिअम्मा जेकब प्रकरणात 2013 साली सांगितलं. म्हणजे जे विधिमंडळाने घेतलं, त्यातला वाटा विधिमंडळ परतही देऊ शकतं. 25 जुलै 2024 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने ठरवलं, की रॉयल्टी हा कर नव्हे. खनिजहक्काच्या बदल्यात पट्टेदाराने मालकाला दिलेला तो मोबदला आहे. राज्य तो मोबदला जनतेच्या वतीने घेतं. मग त्या जनतेतला सर्वांत जवळचा माणूस वाटपाच्या यादीत शेवटीसुद्धा नसावा, हे कुठल्या न्यायाने?

दुसरा आक्षेप : खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहेच की! आहे, पण वायूसाठी नाही. 2015 साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन हे प्रतिष्ठान आलं. नव्या पट्टेदाराला रॉयल्टीच्या 10 टक्के आणि जुन्याला 30 टक्के रक्कम त्यात भरावी लागते. परंतु त्या कायद्याच्या व्याख्येतून खनिज तेल वगळलेलं आहे, आणि 2025 साली दुरुस्त झालेल्या तेलक्षेत्र कायद्याने कोळसाथरातला मिथेन स्पष्टपणे खनिज तेलात घातला आहे. परिणाम असा, की एकाच थरातून कोळसा काढणारा प्रतिष्ठानात भर घालतो आणि वायू काढणाऱ्यावर ते बंधन नाही. त्या दुरुस्तीत गुंतवणूकदाराच्या स्थैर्याची काळजी घेतली गेली. खातेदाराचा वाटा तेव्हाच लिहिता आला असता.

तिसरा आक्षेप तांत्रिक आहे : वायू थरातून वाहतो, कोणाच्या शेताखालून किती आला हे कोण मोजणार? वायूचा रेणू मोजायची गरजच नाही, विहिरीची लांबी मोजा. आडवी विहीर घेताना ठरावीक अंतरावर तिची खोली, कल आणि दिशा नोंदवली जाते. त्याशिवाय ती थरात राहणारच नाही. तो मार्ग खसऱ्याच्या, म्हणजे शेतांच्या क्रमांकांच्या, डिजिटल नकाशावर ठेवला की कोणत्या क्रमांकाखालून किती मीटर गेली ते कळतं. टेक्ससच्या न्यायालयापुढे 2000 साली ब्राउनिंग विरुद्ध ल्यूकी खटल्यात हाच पेच आला होता. आपल्या जमिनीतून आलेल्या उत्पादनापुरती रॉयल्टी मालकाला मिळावी, असा निवाडा झाला. अवघड आहे म्हणून वाटा बुडवा, असं त्या न्यायालयाने म्हटलं नाही.

उरला चौथा आक्षेप, की याने मूठभर लोक गब्बर होतील आणि तिजोरी रिकामी होईल. टेक्ससमध्ये खनिजमालक पूर्वापार उत्पन्नाचा आठवा हिस्सा घेत आले आहेत, आता त्याहूनही जास्त घेतात. तो नमुना मला इथे नको. माझी मागणी माफक आहे. वायूच्या पट्टेदाराने रॉयल्टीच्या 10 टक्के रक्कम वेगळी भरावी. निम्मी ग्रामसभेला द्यावी, निम्मी विहिरीच्या लांबीनुसार खातेदारांना. समजा, एका विहिरीतून 10 कोटींचा वायू निघाला. 10 टक्के दराने रॉयल्टी 1 कोटी, त्यावर ही रक्कम 10 लाख. खातेदारांचे 5 लाख हजार मीटर लांबीवर वाटले, तर मीटरला 500 रुपये. ज्याच्या शेताखालून 80 मीटर बोअर गेला त्याला 40,000 रुपये मिळतील. राज्याचा एक रुपया कमी होत नाही आणि कंपनीवर उत्पादनमूल्याच्या फक्त 1 टक्क्याचा भार पडतो. यात कोण गब्बर झाला?

पैशाइतकीच माहिती महत्त्वाची आहे. कोळसाथरातला मिथेन सुटण्यासाठी आधी त्या थरातलं पाणी उपसावं लागतं. किती उपसलं, कुठे सोडलं, हे विचारण्याचा हक्क वर विहीर-बोअरवर जगणाऱ्याला हवा. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी विहिरीचा नियोजित मार्ग ग्रामसभेत लावावा, प्रत्येक खातेदाराला लेखी सूचना द्यावी आणि पाण्याचा हिशेब दर तिमाहीला जाहीर करावा.

मीटरभर खोल नळीसाठी जो न्याय खेड्याच्या शेतकऱ्याला लागू होतो, तोच शेकडो मीटर खोल विहिरीसाठी सोहागपूरच्या शेतकऱ्याला लागू झाला पाहिजे. राज्यातल्या आमदारांनी 247व्या कलमात ‘पृष्ठभाग’ या शब्दापुढे ‘अथवा भूगर्भ’ एवढी भर घालण्याची मागणी विधानसभेत करावी आणि खासदारांनी तेलक्षेत्र कायद्यात खनिज प्रतिष्ठानासारखी तरतूद मागावी. आपला लोकप्रतिनिधी मत मागायला दारात येईल, तेव्हा त्याला हे दोन प्रश्न जरूर विचारा.