चेक मोजा, पण आधी भाव मोजा



जिल्ह्याच्या बैठकीत एक मागणी हटकून येते: अमेरिकेत सरकार शेतकऱ्याला पैसे देते, मग आपल्याकडे हप्ता का वाढवत नाही? ठराव करण्यापूर्वी अमेरिकेचा तो चेक नीट वाचू या.

तिथला पहिला कायदा १९३३ च्या महामंदीतला. त्याचा हेतू असा की १९०९ ते १९१४ या काळात शेतमाल विकून शेतकऱ्याला जेवढा कारखानी माल घेता येत होता, तेवढा पुन्हा घेता यावा. म्हणजे मुद्दा भावाचा होता. पुढे भाव मागे पडला आणि चेक उरला.

आज मका, सोयाबीन, गहू, कपाशी अशा ठराविक पिकांसाठीची एक योजना कौंटीवर, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागावर चालते. पाच वर्षांचे कौंटीचे उत्पादन आणि देशातला भाव घेतात, सर्वात चढे व सर्वात पडते वर्ष सोडून सरासरी काढतात. २०२५ च्या कायद्याने या सरासरीच्या ९० टक्क्यांची हमी दिली. समजा सरासरी उत्पन्न एकरी ८०० डॉलर आले, तर हमी ७२० ची. प्रत्यक्षात कौंटीचे उत्पन्न ६८० निघाले तर फरक ४० डॉलर, तोही जुन्या नोंदीतल्या क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवरच. तुमच्या एकट्याच्या रानात गारपीट झाली आणि कौंटी तरली, तर या योजनेतून काही नाही. महसूल मंडळाच्या सरासरीवर पीकविमा गमावलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पैसा क्षेत्रावर मिळतो, म्हणून ज्याची जमीन मोठी त्याचा चेक मोठा. १९९५ पासूनच्या नोंदी तपासणाऱ्या तिथल्याच एका संस्थेच्या हिशोबाने पीकयोजनांचा तीन चतुर्थांशाहून अधिक पैसा वरच्या दहा टक्के लाभार्थींकडे गेला. तिथली सुमारे ४० टक्के शेतजमीन खंडाने कसली जाते. चेक वाढला की खंडही चढतो.

या चेकची झळ इथवर येते. अमेरिकेच्या कापूस अनुदानाने जगाचा भाव पडतो, ही तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे नेली आणि जिंकली. २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड झाली. यवतमाळच्या कापूसवाल्याला त्यातले काय मिळाले? उलट ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले.

आता आपला हिशोब. केंद्राचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याचे ६,०००, मिळून १२,००० रुपये. बारा क्विंटल कापूस हमीभावाच्या हजार रुपये खाली गेला, की वर्षभराचे सगळे हप्ते वळते झाले. ओईसीडीच्या २०१८ च्या अहवालानुसार, २००० ते २०१६ या काळात सरकारी धोरणांनी भारतीय शेतकऱ्याचे ढोबळ उत्पन्न वर्षाला सरासरी १४ टक्क्यांनी घटवले. याला सबसिडी म्हणायचे की वसुली?

अमेरिकेकडून दोन गोष्टी मात्र घ्याव्यात. तिथे कौंटीच्या समितीवर शेतकरी मत देऊन निवडून जातात, आणि कोणाला किती पैसा मिळाला हे लोकांना पाहता येते.

म्हणून ठराव या क्रमाने व्हावा. पहिला, निर्यातबंदी आणि ऐन हंगामातली आयात यांनी भाव पाडणे थांबवा. दुसरा, हप्ता द्यायचाच तर तो कसणाऱ्याला द्या. आजचा हप्ता सातबारा पाहून मिळतो. खंडकरी आणि नाव न लागलेली, पण रान सांभाळणारी बाई कोरडीच राहते. तिसरा, हप्त्याची गाववार यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

बैठकीला येताना गेल्या हंगामाची विक्रीची पावती सोबत आणा. हमीभाव आणि मिळालेला भाव यातला फरक आपण तिथेच मांडू. हप्त्याची गोष्ट त्यानंतर.