कपाटाला रंग, पण तळापासून

घटस्थापना जवळ आली की आपल्या धाराशिव जिल्ह्यात घरंच्या घरं धुवायला निघतात. तुळजापूरच्या आईचे दिवस ते. गोधड्या, भांडी, भिंती, फरशी, काही म्हणून सुटत नाही. आणि याच धुण्यात दरवर्षी कितीतरी कपाटं कामातून जातात. लग्नात आंदण आलेलं दोन दारांचं कपाट, ड्रेसिंग टेबल, पोरांचं अभ्यासाचं टेबल, हल्ली हे बहुतेक पार्टिकल बोर्डाचं असतं. फरशीवर ओतलेलं पाणी तळाच्या कडेतून वर चढतं आणि ती कड चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगते. एकदा फुगली की परत बसत नाही. मग ‘मालच हलका’ असं म्हणून कपाट गच्चीवर टाकलं जातं.

मला हा निकाल मान्य नाही. आपल्याकडं जंगल नावालाच. सागवान यायचं ते बाहेरून, आणि लागायचं वाड्यांच्या दारांना. साध्या घरात बाज आणि पत्र्याची पेटी एवढाच संसार. लाकडाच्या चिपा नि भुसा रसायनात कालवून, दाबून केलेला हा बोर्ड दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत कारखान्यांतून निघू लागला, तोही लाकडाच्या टंचाईपायीच. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला तर उसाच्या बगॅसपासून असा बोर्ड करणारा कारखाना उभा राहिला. भूम, वाशी, कळंबकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत आरशाचं कपाट आलं ते या बोर्डामुळं. घामाच्या पैशानं आलेली वस्तू चार वर्षांत गच्चीवर का जावी?

ती वाचवायला रंग द्यायचा म्हटलं की सगळे दाराकडं बघतात. दाराला फारसा धोका नसतो, त्यावर मेलामाइनचा कागद असतो. धोका उघड्या कडांना. कपाट रिकामं करून आडवं पाडा आणि तळ बघा. तिथं बहुधा कागदच नसतो, भुशाचे दाणे बोटाला लागतात. ऑइल प्राइमरचा पहिला हात मारला की ब्रश उचलेपर्यंत तो आत जिरतो, काही लावलंच नाही असं वाटतं. पुरता वाळू द्यायचा, मग दुसरा हात, लागला तर तिसरा. वाळल्यावरही वर एकसारखा थर दिसू लागला की समजायचं, कड बंद झाली. पाठीमागची कड, स्क्रूची भोकं, सांध्यांची टोकं, सगळीकडं हेच. पाण्यात कालवायचा प्राइमर इथं नको, त्यातलं पाणीच भुसा फुगवतं. आधीच फुगलेली कड पूर्ण सुकवून पॉलिश पेपरनं सपाट करायची, सँडिंग सीलर पाजायचा, मग लांबी भरायची. घासताना तोंडाला फडकं नव्हे, मास्क बांधा. ती धूळ नुसत्या लाकडाची नसते.

दर्शनी बाजू सोपी. पिळलेल्या फडक्यानं तेलकटपणा काढायचा आणि २२० नंबरच्या पेपरनं चकाकी मारायची, कागद न फाडता. ही घासाई टाळली की ऑइलपेंटचं सालपट नखानं निघतं. मग प्राइमर आणि फोमच्या रोलरनं रंगाचे पातळ दोन हात. एका लिटरच्या डब्यात दोन दारांचं कपाट बाहेरून होऊन जातं. पोरांच्या टेबलासाठी डब्यावर शिशाचं प्रमाण वाचून घ्या. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही, आणि पोरं टेबलाची कड चावतात.

आपल्या हवेचंही बघावं लागतं. वैशाखात गच्चीवर रंगवायला काढलं तर रंग पसरायच्या आधीच वरची साय धरते आणि धूळ चिकटते. भर पावसात तो वाळत नाही. म्हणून तळ आणि कडा पावसाची उघडीप बघून घटस्थापनेआधीच उरकाव्यात, दारं दिवाळीनंतर निवांत रंगवावीत. उन्हाळ्यात कूलरचा झोत कपाटावर येणार असेल तर ती बाजूही तळाइतकीच मनापासून करा.

रंग हाताला कोरडा लागला म्हणून लगेच कपडे भरू नका. आठवडाभर दारं उघडी ठेवा, नाहीतर साड्यांच्या घड्या फळीला चिकटतात. आणि कपाट पुन्हा उभं करताना चारी पायांखाली रबरी बूट ठोका. फरशीपासून अर्धा इंच उचललेल्या कपाटाखालून नवरात्राचं पाणी खुशाल वाहू द्या.